अर्धं गाऱ्हाणं

लालबाग

दादा,

तू रोज गावाहून फोन करतोस आणि वर ओरडतोस, "मोठ्यान बोल, आयकाक येना नाय!" अरे, घशाच्या कॅन्सरसाठी तेहतीस वेळा रेडिएशन घेतलं, आवाज आणू कुठून? सुधारत होतं, पेज गिळायला लागलो होतो. सोमवारी तीही अडकली आणि नाकातली नळी परत आली.

त्यात काल चाळीचा गणपती बसला. गाऱ्हाणं दरवर्षी मीच घालतो, म्हणून नळीसकट मलाच उभं केलं. "बा देवा म्हाराजा," एवढंच निघालं. पुढे नुसते ओठ हलत होते. तरी चाळ दणक्यात, "व्हय म्हाराजा!" कशाला व्हय म्हणताय, एकाला तरी ठाऊक होतं का?

मी म्हणत होतो, "आता पुरे, घेऊन जा मला." आणि सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हणाली ती माझी बायको, रुपाली.

तिचं तोंड बघितलं आणि माझीच मला चीड आली. आता ते मागे घ्यायचं तर परत गाऱ्हाणं घालायला हवं. तू घाल म्हणावं, तर काय मागितलं ते तुला सांगावं लागेल. म्हणून हे पत्र उशीखालीच राहणार.

उद्या फोनवर ओरडू नको.

तुझा,
धनेश