बागेतल्या घराचा चुकीचा प्लॅन

४ मार्च
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय.
फुमिएने, म्हणजे आमच्या बायकोने, मागच्या सफरचंदाच्या बागेत छोटं घर बांधायचं काढलंय. बाग तिच्या वडिलांची, पण घरातले निर्णय मी घेतो, म्हणून परवानगी दिली. तिने मागितली नव्हती, तरी दिली. उंबरे नकोत, थंडी नको, जळण कमी लागावं, शेवटपर्यंत इथेच राहता यावं, असं तिचं म्हणणं. मुद्दा बरोबर आहे. आमचं मोठं घर हिवाळ्यात नुसता बर्फ. जानेवारीत ती न्हाणीच्या पायरीवरून पडली आणि मला आठवडाभर स्वतः नूडल्स उकडून खाव्या लागल्या.

१९ मार्च
आर्किटेक्ट आल्या. ओगिवारा बाई. वय पस्तिशीचं. मी सिमेंट पाइपांच्या कंपनीत साहेब होतो, हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा 'हो का' म्हणाल्या. सगळे प्रश्न फुमिएला. उठल्यावर आधी कुठे जाता, कंबर कधी जास्त दुखते, ऊन कुठे बसून खाता. मला विचारलं, साहेब, चहा झाला का. उद्धट बाई.

६ एप्रिल
प्लॅन आला. चिडलो, पण कारण रास्त होतं. सरकती दारं, जाड भिंती, दक्षिणेला मोठी खिडकी, पलंगालगत संडास, जुन्या कोठाराचं लाकूड पुन्हा वापरायचं. इथवर ठीक. पण पलंग एकच, तोही अरुंद. ओट्यापाशी खुर्ची एक. फोन करून बाईंना झापलं. त्या म्हणाल्या, ताईंनी सांगितलं तसंच काढलंय. स्वतःची चूक गिऱ्हाइकावर ढकलतात.
फुमिए म्हणाली, अहो, बसून भाजी चिरायला खुर्ची हवी. मी म्हणालो, आणि मला? ती म्हणाली, तुम्ही कधी भाजी चिरलीत? विषय सोडून बोलायची सवयच आहे तिला.

२ मे
शेवटी प्लॅन मीच काढला. गोल्फमध्ये जिंकलेल्या कपांसाठी कपाट, पाहुण्यांची खोली, मला अभ्यासिका, पुढे रुबाबदार पायऱ्या. बाई म्हणाल्या, पायऱ्या कोण चढणार? मी म्हणालो, मी चढेन, मला काय धाड भरलीय. बाईंनी माझा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. पटलेला दिसतोय.

२३ जून
पाया खणला. लहानच आहे. माझा भाग दुसऱ्या टप्प्यात घेणार असतील. विचारलं नाही. आपण का विचारायचं?

१४ ऑगस्ट
पितरांच्या सणाला नागोयाहून मुलगी आली, चिगुसा. म्हणाली, बाबा, आई काय सांगतेय ते ऐकलंत ना? मी म्हणालो, लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, आता ऐकायचं काय राहिलंय. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ती मला वॉशिंग मशीन लावायला शिकवू लागली. बापाला. पेपर घेऊन अंगणात जाऊन बसलो.

९ ऑक्टोबर
घर तयार. शेगडी न पेटवताही आत ऊब होती. फुमिए उन्हात पाय लांब करून बसलेली. इतकी निवांत बसलेली कधी पाहिली नव्हती. त्याचाही राग आला. म्हटलं, माझ्या खोकल्याला ही हवा मानवेल. ती म्हणाली, अहो, मी मार्चपासून सांगतेय तुम्हाला. मी म्हणालो, उद्या बोलू, बातम्या लागल्यात.

१७ नोव्हेंबर
सामान हलवलं. हमालांनी फक्त तिचं नेलं. मी कपांचा खोका घेऊन दारात उभा राहून ओरडलो. सगळ्यांसमोर.
ती बाहेर आली. म्हणाली, अहो, हे घर माझ्या एकटीचं आहे. तुम्हाला सोडून जात नाहीये, बागेपलीकडे जातेय. इतकी वर्षं तुमचा आवाज ऐकला, आता जरा शांत बसायचंय. रविवारी जेवायला या. आधी फोन करा.
मी म्हणालो, मग म्हातारपणी माझं काय?
ती म्हणाली, ओगिवारा बाईंना सांगून ठेवलंय, तुमची न्हाणी दुरुस्त करून देतील.
खोका जड होता. घेऊन परत आलो.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
कोट घालून व्हरांड्यात उभा आहे. बागेपलीकडे खिडकीत दिवा. ती जेवतेय, सावकाश.
फोन केला. बरंच सुनावायचं होतं. तिने उचलला, तर तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, जेवलीस का?
खिडकीत तिने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, हे पहिल्यांदाच विचारलंत.