मोरीत ओतलेलं स्पिरिट

दादा,

कपाटामागची बाटली तू मोरीत रिकामी केलीस. ती दारू नव्हती, पॉलिशचं स्पिरिट होतं. त्यात लाख विरघळवून मी लोकांची टेबलं चमकवतो, हे तू सोळा वर्षं बघतोयस. आता अर्धं टेबल तसंच राहिलंय आणि गिऱ्हाईक चार वाजता येतंय, म्हणून मी नवं आणायला जातोय.

माझ्या लिव्हरवर चरबी साठली म्हणजे मी पितोच, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. न पिताही अशी चरबी साठते, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं, पण तू मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होतास. दुपारी मी आडवा होतो तो झिंगून नाही. पॉलिशचा एक हात मारला की अंगातलं त्राणच जातं, उजव्या बरगडीखाली जड होतं, आणि मघाशी कुठला डबा उघडला होता तेही आठवत नाही.

टेबलाला हात लावू नकोस, ओलं आहे. आणि आईला खरं काय ते तूच सांग, तिचे कान तूच भरलेस.

रोज मी दारात आलो की माझ्या तोंडाचा वास घेतोस. दुखतंय का, हे एकदाही विचारलं नाहीस.