हौसाक्काचा आकडा

मंगळवार, संध्याकाळ

डेअरीच्या कॉम्प्युटरला दोन स्क्रीन मीच जोडल्या होत्या, कुठलीही विंडो कुठंही हलवता यावी म्हणून. पण लाईट जाऊन आली की विंडो भलतीकडेच उघडायच्या आणि दूध घालणाऱ्या लोकांकडच्या स्क्रीनवर, ज्यावर दुधाचा दर ठरतो तो फॅटचा आकडाच नसायचा. काल दूध घालताना हौसाक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "आकडा का झाकतोयस रं?" तेव्हापासून टोचत होतं. एवढी सोय नक्की कुणासाठी केली होती मी?

आज सगळं काढून टाकलं. एकच स्क्रीन, लोकांकडं वळवलेली, तिच्यावर फक्त आकडा, वीतभर मोठा. मला मान वाकडी करून वाचावा लागतो. लागू दे. दोनदा लाईट गेली, दोन्ही वेळा आकडा जागेवर आला. सुटलो.

हौसाक्कानं आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. मी खात्री करायला मान वळवलीसुद्धा नाही.