जास्वंदीजवळची तीन भोकं

अहो,
लॉनला हवा लागावी म्हणून सकाळी सळईनं भोकं पाडली. चाळलेली वाळू अन् शेणखत पोत्यात आहे, ते वरून पसरा. जास्वंदीजवळची तीन भोकं मात्र सोडा. तिथं सळई मुठीपर्यंत अलगद गेली अन् टोकाला विभूती लागून आली. आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला समाधीत बसवून भोवती भरतात, तशी.

मी वाळूनं बुजवली. चहा ठेवून आले तर वाळू बाहेर, तीन सारखे ढीग.

पुन्हा बुजवली. पुन्हा ढीग.

“कावून भ्यालीस?” म्हणून हसाल. हसा. प्लॉट विकणाऱ्याला विचारायला नेकनूरला निघालेय. प्रणिता शाळेतून आली की अंगणात सोडू नका.

अन् भोकं उघडीच ठेवा. गवतापेक्षा त्याला हवा जास्त लागत असेल.

– जगदेवी