हर्सूलहून पाचोडवर नजर

३ मे
आजपासून शेती मी बघणार. मोबाइलवर ‘लाइव्ह सॅटेलाइट’ अ‍ॅप घेतलं. हर्सूलच्या घरात सोफ्यावर बसून पाचोडचं आपलं वावर दिसतं. मोसंबीची हिरवीगार बाग, बांध, बांधालगतची विहीर. धाकटा भाऊ कडूबा तिथं राहून जे बघत नाही, ते मी इथून बघेन. रोज सकाळी आठ ते नऊ. एक दिवस चुकवायचा नाही.

४ मे
चुकला. उशिरा उठलो. पण वावर कुठं पळून जातंय?

९ मे, सकाळी ८.४०
सापडला! बांधावर चौदा पांढरे ठिपके. शेजारच्या मुंजाबाची मेंढरं. हा माणूस बांध कोरून कोरून आमच्यात घुसलाय, हा माझा जुना संशय. स्क्रीनशॉट काढला.
दुपारी ३. परत मोजली. चौदाच. जागची हललीसुद्धा नाहीत. काय हिंमत!

१० मे
कडूबाला फोन करून मेंढरं हाकलायला सांगितलं. म्हणाला, दादा, हितं एक मेंढरू नाय, मुंजाबा दोन महिने झाले कळप घेऊन गोदाकाठी गेलाय. विचारलं, तू आत्ता कुठं आहेस? तर म्हणे, बांधावर बसूनच बोलायलोय. झूम करून पाहिलं. बांधावर कडूबा नाही. सख्खा भाऊ खोटं बोलतो याचं फार वाईट वाटलं.

१४ मे
कडूबाचा फोन. पाचोडला वळवाचा पाऊस, धो धो. माझ्या मोबाइलवर लख्ख ऊन. आशा म्हणाली, अहो, फोटो जुना असेल. तिला समजावलं की उपग्रह ढगांच्या वर असतो, तिथं ऊनच असणार. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१७ मे
मोजणीचा अर्ज टाकला. अतितातडीची. कडूबा रडकुंडीला आला. दादा, मोजणी नको. आपल्या बापानं आन् मुंजाबाच्या बापानं तोंडी ठरवलंय, विहीर आपली, पाणी दोघांचं. लई वर्षं सुखानं चाललंय, नवी रोपं त्याच पाण्यावर जगायलीत, कशाला उकरतो?
नवी रोपं म्हणे! बाग तर मला इथून दिसते. आणि तोंडी? कडूबाचा मला राग येत नाही. कीव येते.

२८ मे
तारीख मिळाली, ११ जून. स्क्रीनशॉट रंगीत छापून लॅमिनेट केले. मुंजाबाला चारचौघांत माफी मागायला लावायची की मोठ्या मनानं सोडून द्यायचं, यावर विचार चालू. सोडेन बहुतेक.

११ जून, सकाळी ६.३०
पाचोडला निघालो. इस्त्रीचा शर्ट. तीन वर्षांनी जातोय, पण नवखं वाटायचं कारण नाही.

११ जून, संध्याकाळी ७
वावर ओळखू आलं नाही. मोसंबी दोन वर्षांपूर्वीच वाळली. कडूबानं तेव्हा कळवलं होतं म्हणे. जागेवर गुडघ्याएवढी रोपं. चौदा ठिपके म्हणजे विहीर खोदताना निघालेले दगड.
मोजणीवाल्या साहेबांना लॅमिनेट दाखवलं. नकाशा वाऱ्यानं उडत होता, त्यावर त्यांनी ते ठेवलं.
बांध सरकलेला निघाला. आमच्याच बाजूनं, मुंजाबाच्या वावरात. पाच गुंठे मुंजाबाचे, आणि विहीर त्या पाच गुंठ्यांत. कागदावर अर्जदार म्हणून पहिली सही माझी.
मुंजाबा गोदाकाठाहून मुद्दाम आला होता. कडूबा त्याच्यापुढं मान खाली घालून उभा राहिला. मुंजाबा म्हणाला, कडूबा, पाणी घेत जा, पाण्याला कुणी नाय म्हणत नसतं. पण ह्या दादाला पुन्हा बांधावर आणू नको.
जेवून जा असं कुणी म्हटलं नाही. एसटीत बसवताना कडूबा एवढंच म्हणाला, दादा, इथून पुढं तिकडूनच बघत जा.

१२ जून, सकाळी ८
वेळेवर उठलो. अ‍ॅप उघडलं. विहीर अजून आमच्यातच आहे.