कमरेचं हाड न काढता

माय, तुझा पाय मोडला तो देवगाव फाट्यावर. मावशीकडून परत येत होतो. एसटीतून उतरायला तू पायरीवर पाय ठेवलास, मागून लोटालोटी झाली आणि तू खाली पडलीस; वर कुणाचं तरी ज्वारीचं पोतं, नेमकं तुझ्या नडगीवर. तू ओरडली नाहीस. "माझी चप्पल बघ गं कुठं गेली," एवढंच म्हणालीस. परभणीला डॉक्टरांनी स्टीलची पट्टी घालून स्क्रू बसवले. सगळ्यांना वाटलं, झालं. पण मधल्या हाडाचा चुरा झाला होता, तिथं फट राहिली, आणि ती काही केल्या भरेना. दर खेपेला एक्सरे उजेडाला धरून डॉक्टर म्हणायचे, "अजून जुळलं नाही." तू त्यांच्याकडं बघायचीच नाहीस. माझ्या तोंडाकडं बघायचीस, मी घाबरलेय का ते.

मग त्यांनी तुझ्या कमरेचं हाड काढून त्या फटीत भरलं. तेव्हा खात्रीचा उपाय तोच होता, आजही बऱ्याचदा तोच असतो, आणि डॉक्टर भला माणूस होता. पाय जुळला. कंबर मात्र कायमची दुखत राहिली. शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवण्याचं काम तू सोडलं नाहीस, पण घरी चुलीपुढं तुला बसता येईना, म्हणून बाबांनी स्वतः विटा रचून ओटा बांधला. त्या स्वयंपाकघराच्या दारात मी अजून उभी आहे असं कधीकधी वाटतं. तू डावं अंग ओट्याला टेकवून भाकरी थापतेस. भाकरी तव्यावर टाकतेस, कमरेवर मूठ दाबून धरतेस, मग उलटतेस. "पायाची भिंत पडली म्हनून कमरंच्या इटा काढल्या बघ," तू हसत म्हणतेस. "आता पाय उभा हाय आन् कंबर गळायलीय."

बारावीच्या वर्षी मी म्हटलं होतं, यंदा परीक्षा राहू दे, मी घरीच थांबते. तू लाटणं फेकून मारशील असं वाटलं मला. "तू हितं बसल्यानं माझं हाड जुळनार हाय का? मंग? ऊठ. आमी खिचडी शिजवली ती तुला चुलीपाशी बसवायला न्हाई." इतकं रागावलेलं मी तुला आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दप्तरात दशम्या बांधून ठेवल्या होत्यास, गुळाच्या.

आता मी काय करते ते तुला सांगायचंय. तू गेलीस तेव्हा मी नुसतीच शिकत होते आणि तुला धड सांगता येईल असं काही माझ्याकडं नव्हतं. मी हाडात भरायचे तुकडे बनवते. हाडात जे क्षार असतात त्यांचाच तुकडा, पण सच्छिद्र, आत सगळीकडं जाळी. ही भोकं एकमेकांत उघडणारी लागतात, म्हणजे रक्ताच्या बारीक नळ्या आतपर्यंत शिरतात. त्या जाळीत आम्ही एक प्रथिन मुरवतो. त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. आपलं शरीरच ते बनवतं. आसपासच्या पेशींना ते सांगतं की इथं हाड घडवा. सगळी अडचण ते हळूहळू सोडण्यात आहे. एकदम सुटलं तर वाहून जातं, नाहीतर नको तिथं हाड वाढतं. माझी कितीतरी वर्षं त्या 'हळूहळू'मध्येच गेली, माय. सगळं नीट झालं तर नवं हाड भरत जातं, आमचा तुकडा विरघळत जातो, आणि कमरेला हात लावायची गरज पडत नाही.

माणसांपर्यंत पोचायला आमच्या तुकड्याला अजून वेळ आहे. सध्या जनावरांचे डॉक्टर रीतसर परवानगीनं तो वापरून बघतात, म्हणून मी परभणीला येत असते. पहिल्या शेळीच्या पायात पू झाला. तुकडा काढावा लागला, पुढं पायही. मी गोठ्याच्या मागं जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

त्यानंतर पेडगावची एक म्हातारी तिची शेळी घेऊन आली. मोटारसायकलनं उडवलेली, मागच्या पायाच्या हाडाच्या मधल्या भागाचा चुरा झालेला. "कसायाला दे म्हनायलेत समदे," ती म्हणाली. "म्या न्हाई म्हनले. हिच्या दुधावर माझा नातू वाढला." तिला मी तुकडा दाखवला. तिनं तो उजेडात धरून भोकांतून बघितलं.

"म्हंजी धिरड्यावानी?"

"तसंच. पण मावशी, बरी होईलच असं मी म्हणत नाही. आधीच्या शेळीचा पाय गेला."

"दुसरीकडचं काई कापनार का?"

"नाही. एकच जखम."

तिनं शेळीच्या पाठीवर हात फिरवला. "मंग करा," ती म्हणाली. "आन् माय, तू बी घाबरू नको. लय घाबरल्यावानी दिसायलीस."

पट्टी बसली, तुकडा बसला. दर वेळी एक्सरेत फट दिसायची. मग एकदा जाळीच्या कडेनं नव्या हाडाचं पुसट धुकं दिसलं. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टरांनी मला हाक मारली. "बघा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आलंय." मी स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. बाहेर येईपर्यंत शेळीनं दावं सोडवून घेतलं होतं आणि किंचित लंगडत, पण चारही पाय टेकत, कुंपणाची पानं ओरबाडत होती. म्हातारी तिच्यामागं धावत शिव्या घालत होती. इतक्या आनंदानं घातलेल्या शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

हे तुला लिहिलेले कागद मी कुठं टाकणार आहे? आपल्या जुन्या पत्त्यावर टाकले तर पोस्टमन शेजारी देऊन जाईल आणि गावभर वाचले जातील. राहू दे इथंच.

एक सांगायचं राहिलं. लोक विचारतात, हे सगळं आईसाठी का, आणि मी हो म्हणते, कारण ते ऐकायला त्यांना बरं वाटतं. पण त्या दिवशी ते जुळलेलं हाड बघताना मला तू आठवली नाहीस, माय. मला फक्त शेळी दिसत होती. तू आठवलीस ती संध्याकाळी, परतीची बस गंगाखेडच्या पुढं गेल्यावर. आणि इतका वेळ तुझ्यावाचून गेला याचं मला जराही वाईट वाटलं नाही.