बक्षिसाचं डुक्कर

व्हावाऊ, टोंगा

प्रिय कालाफी, केळीच्या बागेत हरवलेल्या माझ्या भावा,

फोनवर बोलताना आई शेजारीच बसलेली असते, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. शेजारचा सेमिसी उद्या विमानाने तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला परत निघालाय, त्याच्या हाती देईन. बहिणीने भावाला अंगाबिंगाच्या गोष्टी सांगू नयेत आणि भावाने त्या ऐकू नयेत, हे मलाही आईनेच शिकवलंय. तरी आज सांगणार आहे. लाज वाटली तर मान खाली घालून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

जिमपासूनच सुरुवात करते. तुझी बहीण वेडी झाली आणि चर्चच्या सभागृहात लोखंड उचलते, हे तुझ्या कानावर आलंच असेल. गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली, तेव्हा मी मेंढीचं चरबीचं मटण सोडलं आणि बरीच उतरले. पण पाण्याची बादली उचलली की हात थरथरायचे. दवाखान्यातली नर्स म्हणाली, नुसती वाळत जाऊ नकोस, ताकद कमव. वजन आणखी उतरू दे, पण हाडांवर काहीतरी राहू दे. त्याच सुमारास पाद्रीबाई सेइनीने न्यूझीलंडच्या नातेवाइकांकडून जुनी वजनं, दोन दांडे आणि एक जागेवरच फिरणारी सायकल मागवली. गळ्यात शिट्टी अडकवून ती आम्हा बायकांना उठबशा काढायला लावते, आणि आम्ही लांब घागरे सावरत काढतो. आत्या तोकिलुपे दारातच खुर्ची टाकून बसायची. म्हणायची, "अगं, वाळत घातलेल्या माशासारखी दिसायला लागलीस! लोक म्हणतील, या घरात पोरीला जेवायला घालत नाहीत." आत्यापुढे बोलायची आपली प्राज्ञा नाही. मी गुपचूप दांडा उचलायची.

मग एके दिवशी आई म्हणाली, मीही येते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तुला माहीत आहे, आपल्या आईच्या मते बाईचा रुबाब तिच्या अंगावर दिसतो. आणि ती स्वतःहून जिमला निघाली! तिने तिथे कधी काहीच उचललं नाही. सायकलवर बसायची, चार पायडल मारायची आणि मग पंख्याने वारा घेत सगळ्यांची टिंगल करायची. "सेइनी, ही सायकल मला घरी कधी पोचवणार गं?" बायका हसून हसून वजनं खाली ठेवायच्या.

ईस्टरनंतर सेइनीने पैज लावली. धक्क्यावरचा खोबरं तोलायचा काटा आणून सगळ्यांना तोललं आणि पावसाळ्याआधी जी सगळ्यात जास्त उतरेल तिला पाद्रीबुवांच्या गोठ्यातलं डुक्कर. वजन उतरवल्याबद्दल डुक्कर द्यायचं आपल्याच लोकांना सुचू शकतं. मी घाम गाळून दुसरी आले. पहिली आई. अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं, सेइनीने देवाचे आभार मानले, आणि आत्या तोकिलुपेसुद्धा खुर्चीतून उठून उभी राहिली. आईने डुकराच्या गळ्यातली दोरी धरून राणीसारखा हात हलवला. त्या रात्री तिने तुला फोनवर आपले दंड दाखवले. तू म्हणालास, "आई, तू तर पोरगी दिसायला लागलीस, कुणीतरी मागणी घालेल!" ती किती हसली. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, तुझी आठवण येतेय.

नंतर वादळात सभागृहाचे पत्रे उडाले आणि जिम बंद पडलं. मी लगेच फुगले. आई मात्र उतरतच राहिली. चर्चला जाताना ती कमरेला गुंडाळते ती चटई आता दोन वेढे घेते. रविवारी अळूच्या पानात नारळाचं दूध आणि मटण बांधून भट्टीत ठेवते मी, तिच्या आवडीचं. ती एक घास घेते आणि बाकीचं डुकराला घालते. आपले कपडे मला धुवू देत नाही, अंधार असतानाच उठून धुऊन टाकते. मी विचारलं की उत्तर ठरलेलं: जिमचा गुण आहे.

आणि मग चर्चमधून येताना ती रस्त्यातच खाली बसली. मी तिच्या काखेत हात घालून, सेइनीने शिकवलंय तसा गुडघ्यांतून जोर लावला, आणि ती नुसती वर आली. कालाफी, मी जिममध्ये उचलते त्या दांड्यापेक्षाही ती हलकी लागली. मला तिथेच कळलं.

डॉक्टर राजधानीहून महिन्यातून एकदा येतो. त्याने तपासलं. दुखणं कुठे आहे ते मी तुला लिहू शकत नाही, तू भाऊ आहेस. एवढंच समज की आपण दोघं जिथून जन्माला आलो, तिथेच ते बसलंय. आता त्रास होऊ नये एवढंच बघायचं, असं तो म्हणाला. मग आईनेच कबूल केलं, तिला हे सगळं जिमच्या आधीपासून ठाऊक होतं. अंग उतरायला लागलं, लोक विचारतील, त्यांना सांगायला काहीतरी हवं, म्हणून ती त्या सायकलवर येऊन बसली! आम्ही टाळ्या वाजवल्या त्या कशाला वाजवल्या, ते आता तूच बघ. मला तिचा इतका राग आला की मी परसात जाऊन रडले, आणि ते डुक्कर माझ्याकडे बघत उभं होतं.

पत्रे पुन्हा बसले आहेत. मी रोज जिमला जाते, न चुकता. माझ्या साखरेच्या दुखण्याची आठवणही येत नाही. मला तिला बिछान्यातून उचलायचं असतं, न्हाणीपर्यंत न्यायचं असतं, आणि माझे हात थरथरलेले तिला कळता कामा नयेत. ती म्हणते, "हळू गं, लोखंड नाही मी." तू दिवसभर खांद्यावर घड वाहतोस ना, त्यातला मोठ्यातला मोठा घड डोळ्यांसमोर आण. तेवढीच राहिली आहे आपली आई.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. हंगाम अर्धवट टाकून पोरगा परत आला तर त्याला तिकडे पुन्हा कुणी कामाला बोलावणार नाही, म्हणते. मी शपथ मोडते आहे. तू फोन करशील तेव्हा ती सांगेल की जिम जोरात चाललंय. विश्वास ठेवू नकोस. डुक्कर आता दारात मावत नाही. बिछान्यातून ती रोज विचारते, त्याला नारळ घातलेस का. आत्या म्हणाली, कापायजोगं झालंय की. आई म्हणाली, राहू दे, लागेल. कशाला, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आपल्याकडे कुणी घरी परत आलं तरी डुक्कर कापतात आणि कुणी कायमचं गेलं तरी कापतात. हे कापलं जाणारच आहे, कालाफी. तू लवकर ये, म्हणजे तिलाही त्यातला एक घास खाता येईल.

तुझीच, शपथ मोडणारी बहीण,
लेसिएली